ॲडव्हान्स्ड वेब डेव्हलपमेंटचा विषय घेतलाय? सुरुवात इथून करा

विद्यापीठात हा विषय घेणाऱ्या बहुतेकांची पहिली धाव नवं फ्रेमवर्क शिकण्याकडे असते. त्यात सेमिस्टरचे पहिले काही आठवडे जातात, आणि ‘दोन जणांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर काय होईल?’ असं परीक्षकांनी विचारलं की उत्तर सापडत नाही. फ्रेमवर्क तुम्ही कधीही शिकाल. या पातळीवर खरी कसोटी वेगळी असते: ब्राउझरमधून निघालेली एक रिक्वेस्ट डेटाबेसपर्यंत जाऊन परत येते, त्या वाटेवर कुठे काय घडतं आणि काय बिघडू शकतं, हे तुम्हाला समजावून सांगता येतं का?

म्हणून एकच छोटा प्रकल्प निवडा आणि पूर्ण सेमिस्टर त्यालाच खोलात नेत राहा. या लेखात उदाहरण घेतलंय अभ्यासिकेतल्या खोल्यांच्या आरक्षणाचं. खोली निवडायची, वेळ निवडायची, आरक्षण करायचं. दिसायला साधं, पण त्यात वेळेचा हिशेब आहे, एकाच खोलीसाठी दोघांची चढाओढ आहे, आणि कोणी काय बघावं, काय बदलावं याचे नियम आहेत. नुसत्या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये यातलं काहीच येत नाही, त्यामुळे तो विषय टाळलेला बरा.

## हाताशी काय हवं

एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टमधली फंक्शन्स आणि ॲरे, एसक्यूएलमधला साधा जॉइन आणि गिटमधली ब्रँच एवढं आधी यायला हवं. जॉइन येत नसेल तर आधी तो शिका, बाकी सगळं थांबू शकतं.

साधनं ही:

- नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, त्याची एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती
- पोस्टग्रेस (डेटाबेस), शक्यतो डॉकरमधून, म्हणजे कंटेनर नावाच्या स्वतंत्र डब्यात, चालवलेलं
- गिट, आणि दूरची एक रिपॉझिटरी
- कर्ल, म्हणजे टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन
- ब्राउझरची डेव्हलपर टूल्स, त्यातही नेटवर्क हा टॅब
- विषयाचा आराखडा आणि गुणांची विभागणी, छापून किंवा कायम उघडी

## १. गुणांची विभागणी आधी वाचा

कोड लिहिण्यापूर्वी हे करा. चाचण्या, सुरक्षा, अहवाल, तोंडी परीक्षा यांना किती गुण आहेत ते बघा आणि त्या प्रमाणात वेळ वाटा. सुंदर दिसणाऱ्या पानाला बहुतेक वेळा वाटतं त्यापेक्षा कमी वजन असतं. तयार लायब्ररी किंवा एआय साधनं वापरण्याबद्दल काय नियम आहेत तेही इथेच बघून घ्या. शंका असेल तर प्राध्यापकांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

## २. फ्रेमवर्क बाजूला ठेवून एचटीटीपी शिका

कर्लला ‘व्ही’ हा पर्याय देऊन कुठल्याही साइटला एक रिक्वेस्ट पाठवा. गेलेले हेडर, आलेले हेडर, स्टेटस कोड सगळं समोर दिसतं. प्रत्येक ओळीचा अर्थ लावता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

गेट रिक्वेस्टने सर्व्हरवरचं काही बदलायचं नाही, हा पहिला नियम. ‘रद्द करा’ ही साधी लिंक ठेवलीत तर पान आगाऊ उघडून ठेवणारी ब्राउझरची सोय किंवा एखादा क्रॉलर (पानं आपोआप धुंडाळणारा प्रोग्रॅम) ती उघडेल आणि कोणाचं तरी आरक्षण उडेल. पुट आणि डिलीट पुन्हा पाठवले तरी सर्व्हरवरची स्थिती तीच राहायला हवी. पोस्टबद्दल तशी हमी नसते, म्हणूनच घाईत दोनदा दाबलेल्या बटणातून दोन नोंदी तयार होतात.

स्टेटस कोड नेमके वापरा. ४०१ म्हणजे ‘तुम्ही कोण ते कळलं नाही’, ४०३ म्हणजे ‘कळलं, पण परवानगी नाही’. खोली आधीच घेतलेली असेल तर ४०९. नवीन नोंद झाली तर २०१. चूक झालेली असताना २०० पाठवून आत ‘एरर’ असा मजकूर ठेवणं ही फार पसरलेली सवय आहे. त्यामुळे कॅश, लॉग, चाचण्या सगळ्यांची दिशाभूल होते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे सीओआरएस: एका ओरिजिनच्या पानाला दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर वाचू द्यायचं की नाही याचे नियम. ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही मिळून, त्यामुळे लोकलहोस्टचं ३००० आणि ५१७३ ही पोर्ट ब्राउझरच्या दृष्टीने वेगळी ओरिजिन ठरतात. कर्लने उत्तर मिळतं आणि ब्राउझरमध्ये मिळत नाही, याचं कारण हा नियम ब्राउझर पाळतो, सर्व्हर नव्हे. जेसन पाठवणाऱ्या पोस्टच्या आधी ब्राउझर ऑप्शन्स ही रिक्वेस्ट पाठवून परवानगी विचारतो, तिला सर्व्हरने नीट उत्तर द्यायला हवं. जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फेच या फंक्शनमध्ये ‘नो-कॉर्स’ लिहिल्याने लाल अक्षरं जातात, पण उत्तरही वाचता येत नाही. तो उपाय नाही. कुकी पाठवायची असेल तर परवानगीच्या हेडरमध्ये तारा (*) चालत नाही, ओरिजिन नावानिशी लिहावं लागतं.

आणि फेच ४०४ किंवा ५०० आल्यावर एरर फेकत नाही. रिस्पॉन्सचं ‘ओके’ स्वतः तपासावं लागतं.

## ३. इव्हेंट लूप समजून घ्या

नोडमध्ये तुमचा जावास्क्रिप्ट कोड एकाच थ्रेडवर चालतो, आणि पुढचं काम कोणतं घ्यायचं ते इव्हेंट लूप ठरवतो. आधी समोरचा सगळा सरळ कोड, मग पूर्ण झालेल्या प्रॉमिसची कामं, त्यानंतर सेटटाइमआउट, हा क्रम पाठ न करता दहा ओळींचा कोड लिहून स्वतः पडताळा. पोस्टग्रेसला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत थ्रेड मोकळा असतो, पण पासवर्ड हॅश करणारं (परत उलटवता न येणाऱ्या रूपात बदलणारं), नावात ‘सिंक’ असलेलं फंक्शन वापरलंत तर ते संपेपर्यंत बाकी सगळे वापरकर्ते खोळंबतात.

दोन सापळे कायम भेटतात. फॉरईचला असिंक फंक्शन दिलं तर तो थांबत नाही आणि पुढची ओळ आधीच चालून जाते. तिथे फॉर-ऑफ वापरा. दुसरा याच्या उलट: एकमेकांवर अवलंबून नसलेल्या पाच रिक्वेस्ट एकामागून एक अवेट केल्या, प्रत्येकीला २०० मिलिसेकंद लागत असतील तर पूर्ण सेकंद जातो. प्रॉमिस-ऑलमध्ये त्या साधारण २०० मध्ये संपतात.

## ४. डेटाबेसला खरा वेळ द्या

प्रकल्पाचं वजन इथेच ठरतं, म्हणून या टप्प्याची घाई करू नका.

तीन टेबलं पुरेत: वापरकर्ते, खोल्या, आरक्षणं. आरक्षणात सुरुवात आणि शेवट हे दोन्ही टाइमझोनसह असलेल्या टाइमस्टॅम्प प्रकारात ठेवा. नाव फसवं आहे, पोस्टग्रेस त्यात झोन साठवत नाही, क्षण साठवतं. दाखवताना झोन लावायचा. जावास्क्रिप्टकडूनही इथे धोका होतो: ‘२०२५-०३-१०’ अशी नुसती तारीख डेटला दिली तर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानली जाते, पण त्यापुढे वेळ लिहून झोन न लिहिल्यास स्थानिक मानली जाते. यूटीसीच्या मागे असलेल्या झोनमध्ये मग आदल्या दिवसाची तारीख दिसते.

आता दोघांची चढाओढ. नेहमीचा कोड असा असतो: ‘या वेळेत खोली मोकळी आहे का?’ असं सिलेक्टने विचारायचं, आणि उत्तर हो आलं तर इन्सर्ट करायचं. दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की दोघींनाही ‘मोकळी आहे’ असं उत्तर मिळतं आणि दोन्ही इन्सर्ट होतात. हे सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळं होईल किंवा काहीच नाही, अशा गटात) गुंडाळलं तरी सुटत नाही, कारण पोस्टग्रेसची मूळची आयसोलेशन पातळी रीड कमिटेड असते, म्हणजे दुसऱ्याचं अजून पक्कं न झालेलं आरक्षण दिसत नाही. त्या आरक्षणाची ओळ कुलूपबंद करू म्हटलं तर कुलूप लावायला ओळच अजून जन्मलेली नसते.

नियम डेटाबेसलाच पाळू द्या. पोस्टग्रेसमध्ये एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट नावाची सोय आहे. खोलीचा क्रमांक सारखा आणि वेळेचे पट्टे एकमेकांवर येणारे, अशा दोन ओळी ती टेबलमध्ये येऊच देत नाही. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेंशन सुरू करावं लागतं. वेळेचा पट्टा सुरुवात धरून आणि शेवट वगळून बनवा, नाहीतर १० ते ११ आणि ११ ते १२ ही आरक्षणं एकमेकांना अडवतील. टक्कर झाली की पोस्टग्रेस २३पी०१ हा एररकोड देतं. सर्व्हरमध्ये तो ओळखून ४०९ पाठवा आणि वापरकर्त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. मोकळी वेळ आधी दाखवणारा सिलेक्ट जरूर ठेवा, तो सोयीसाठी आहे. पण हमी देतो तो कन्स्ट्रेंट. शेवटची वेळ सुरुवातीनंतरचीच असावी यासाठी एक चेकही लावा.

यानंतर इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायला स्तंभावर बनवलेली सूची. वीस ओळींच्या टेबलवर इंडेक्स लावून फरक मोजायला जाल तर काहीच दिसणार नाही. एवढ्याशा टेबलमध्ये पोस्टग्रेस सरळ सगळ्या ओळी वाचून काढतं आणि ते बरोबरच आहे. जनरेट-सिरीजने १ लाख खोट्या नोंदी तयार करा, मग क्वेरी कशी आणि किती वेळात चालली ते दाखवणारं एक्सप्लेन ॲनालाइझ चालवा, इंडेक्स लावा, पुन्हा चालवा. दोन्ही निकाल अहवालात ठेवा. एक सावधगिरी: ॲनालाइझ खरोखरच क्वेरी चालवतं, डिलीटवर वापरायचं असेल तर ट्रान्झॅक्शन उघडून शेवटी रोलबॅक करा. फॉरेन कीच्या स्तंभावर पोस्टग्रेस स्वतःहून इंडेक्स बनवत नाही, तो तुम्ही लावायचा. खोली आणि सुरुवात अशा दोन स्तंभांच्या इंडेक्सचा ‘या खोलीची आजची आरक्षणं’ या प्रश्नाला छान उपयोग होतो, पण खोली न सांगता नुसत्या वेळेवर शोधलं तर फारसा होत नाही. स्तंभांचा क्रम ठरवताना आधी तुमचे प्रश्न लिहून काढा.

ओआरएम (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून एसक्यूएल बनवणारी लायब्ररी) वापरत असाल तर त्याने पाठवलेल्या क्वेरी लॉगमध्ये छापा. ५० आरक्षणांच्या यादीसाठी एक क्वेरी आणि मग प्रत्येकाच्या खोलीचं नाव आणायला ५० वेगळ्या, असा ५१ क्वेरींचा प्रकार तिथेच उघडा पडतो. एका जॉइनने तो संपतो.

टेबलातले बदल हाताने करू नका. प्रत्येक बदलाच्या आज्ञा लिहिलेली मायग्रेशन फाइल बनवा आणि गिटमध्ये ठेवा.

## ५. सर्व्हरचे थर वेगळे ठेवा

एक्सप्रेस हे नोडवरचं छोटं सर्व्हर फ्रेमवर्क पुरेसं आहे. रूटमध्ये (एका पत्त्याला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) रिक्वेस्ट वाचायची आणि उत्तर द्यायचं एवढंच. आरक्षणाचे नियम वेगळ्या फाइलमध्ये, डेटाबेसचा कोड आणखी वेगळ्या. यामुळे आठव्या पायरीत चाचण्या लिहिणं शक्य होतं.

ब्राउझरमधल्या तपासणीवर विसंबू नका, ती कर्लने टाळता येते. आलेल्या प्रत्येक फील्डचा प्रकार, लांबी, मर्यादा सर्व्हरवर पुन्हा तपासा. एसक्यूएलमध्ये मूल्यं नेहमी पॅरामीटर म्हणून द्या, जोडून लिहू नका. मात्र कोणत्या स्तंभाने क्रम लावायचा ते पॅरामीटरने देता येत नाही. तिथे परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवून तिच्याशी ताडून बघा.

तुम्ही वाचत असलेलं मार्गदर्शन एक्सप्रेसच्या कुठल्या आवृत्तीचं आहे ते बघा. चौथ्या आवृत्तीत असिंक हँडलरमधली एरर आपोआप पकडली जात नाही, रिक्वेस्ट तशीच लटकते. पाचवीत ती एरर हँडलरकडे जाते. एरर हँडलरला चार पॅरामीटर लागतात आणि तो सगळ्या रूटनंतर लावायचा असतो.

## ६. लॉगिन आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

पासवर्ड हॅश करायला आर्गॉन२आयडी वापरा. बीक्रिप्टही चालतं, पण ते पहिल्या ७२ बाइटच्या पुढचं काही बघत नाही. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि मात्रा, अनुस्वारही वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात, म्हणजे मराठी वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं तर २४ चिन्हांतच मर्यादा गाठली.

नवशिक्यांनी जेडब्ल्यूटीच्या (लॉगिनची माहिती आतच असलेल्या टोकनच्या) मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर सही असते, ते गुप्त नसतं. आतला मजकूर कोणीही उलगडून वाचू शकतं, आणि दिलेलं टोकन मुदतीआधी रद्द करायला वेगळी व्यवस्था उभारावी लागते. लोकलस्टोरेजमध्ये ठेवलं तर पानात घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते उचलते. सर्व्हरवरचं सेशन (लॉगिनची नोंद) आणि त्याचा क्रमांक बाळगणारी कुकी हा मार्ग साधा आहे. कुकीला एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर आणि सेमसाइट-लॅक्स हे तिन्ही लावा, आणि लॉगिन झाल्याबरोबर सेशनचा क्रमांक नवा करा.

लॉगिन झालं म्हणजे काम झालं असं समजणं ही मोठी चूक. पत्त्यातला आरक्षण क्रमांक १७ बदलून १८ केला आणि दुसऱ्याचं आरक्षण रद्द झालं, तर तुमच्या लॉगिनचा काही उपयोग नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत अधिकारांच्या तपासणीतली ही त्रुटीच पहिल्या क्रमांकावर होती. उपाय सोपा आहे: रद्द करणाऱ्या क्वेरीतच ‘आरक्षण क्रमांक हा आणि मालक हाच’ अशी दुहेरी अट लिहा. बटण लपवणं म्हणजे अधिकार तपासणं नव्हे.

## ७. आता फ्रंटएंड

रिॲक्ट असो वा दुसरं काही, पहिला खरा प्रश्न उशिरा आलेल्या उत्तराचा असतो. वापरकर्त्याने सोमवार निवडला, लगेच मंगळवार निवडला. सोमवारचं उत्तर रेंगाळलं आणि मंगळवारनंतर आलं, तर पडद्यावर मंगळवारच्या शीर्षकाखाली सोमवारच्या खोल्या दिसतात. तारीख बदलताच जुनी रिक्वेस्ट ॲबॉर्ट कंट्रोलरने रद्द करा. हे घरच्या वेगवान नेटवर्कवर दिसत नाही, म्हणून डेव्हलपर टूल्समध्ये वेग मुद्दाम कमी करून बघा.

प्रत्येक यादीच्या चार अवस्था रंगवा: येत आहे, रिकामी, चूक झाली, आली. बटणासाठी बटण हाच टॅग वापरा, डिव्हला क्लिक लावू नका, कारण कीबोर्डवरून तो दाबता येत नाही. प्रत्येक इनपुटला लेबल हवं. साध्या आकाराच्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ ठेवा. माउस बाजूला ठेवून आरक्षण पूर्ण करता येतं का, हे स्वतः करून बघा.

वेगाचे उंबरठे ठरलेले आहेत: एलसीपी (पानाचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (क्लिकला पान प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आत, सीएलएस (मजकूर किती सरकतो याचं माप) ०.१ च्या आत. आयएनपी हे माप मार्च २०२४ मध्ये एफआयडी या जुन्या मापाच्या जागी आलं, त्यामुळे एफआयडी सांगणारे लेख जुने समजा. चित्रांना रुंदी आणि उंची लिहिली की पान उड्या मारत नाही. वरच्या मुख्य चित्राला लेझी लोडिंग (गरज पडल्यावरच चित्र आणणं) लावू नका, त्याने एलसीपी बिघडतो.

## ८. थोड्या पण नेमक्या चाचण्या

सगळ्यात मोलाची चाचणी ही: प्रॉमिस-ऑलने एकाच खोलीसाठी, एकाच वेळेच्या दोन रिक्वेस्ट एकदम पाठवा. एकीला २०१ आणि दुसरीला ४०९ यायला हवं, आणि टेबलमध्ये एकच ओळ. दुसरी: एका वापरकर्त्याच्या सेशनने दुसऱ्याचं आरक्षण रद्द करून बघा, ते तसंच राहायला हवं. या दोन चाचण्या नुसत्या बेरजा तपासणाऱ्या चाळीस चाचण्यांपेक्षा जास्त सांगून जातात.

चाचण्यांसाठी एसक्यूलाइट (एकाच फाइलमधला डेटाबेस) वापरायचा मोह होईल, तो आवरा. एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट तिथे नाही, म्हणजे नेमकं जे तपासायचं तेच गायब. डॉकरमध्ये वेगळं पोस्टग्रेस उभं करा. ब्राउझरमधून शेवटपर्यंत जाणाऱ्या एक-दोन चाचण्या प्लेराइट या साधनात लिहिल्या तरी पुरतं.

## ९. डिप्लॉयमेंट: शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका

पहिलं रिकामं पान तयार झालं की तेच सर्व्हरवर चढवा. इथल्या अडचणी ठरलेल्या असतात, म्हणून सरळ लक्षण आणि कारण देतो.

- कंटेनरमधला सर्व्हर बाहेरून दिसत नाही: तो १२७.०.०.१ वर ऐकतोय, ०.०.०.० वर ऐकायला लावा.
- डेटाबेस सापडत नाही: कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. डॉकरच्या कंपोझ फाइलमधलं सर्व्हिसचं नाव वापरा.
- सुरू होताना कधी चालतं, कधी पडतं: नुसतं ‘डिपेंड्स-ऑन’ डेटाबेस तयार होईपर्यंत थांबत नाही. हेल्थचेक लिहून तो निरोगी झाल्यावरच सर्व्हर सुरू करा.
- फाइल सापडत नाही, पण घरी चालत होतं: लिनक्समध्ये फाइलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात.
- लॉगिन होतं पण टिकत नाही: पुढे प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे पाठवणारा मधला सर्व्हर) आहे, एक्सप्रेसला ते सांगितलेलं नाही, त्यामुळे सिक्युअर कुकी पाठवलीच जात नाही. ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ ही सेटिंग करा.
- आतलं पान रिफ्रेश केलं की ४०४: अनोळखी पत्त्यांना इंडेक्स फाइल द्यायला वेब सर्व्हरला सांगा, एपीआयचे पत्ते वगळून.

पॅकेजेस ‘एनपीएम सीआय’ने बसवा, म्हणजे लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या येतील. पासवर्ड, गुप्त किल्ल्या एन्व्ह फाइलमध्ये ठेवा आणि ती गिटइग्नोरमध्ये घाला. चुकून कमिट झाली तर फाइल पुसून भागत नाही, ती इतिहासात राहते. किल्लीच बदला. फ्रंटएंडच्या बिल्डमध्ये घातलेली कुठलीही किल्ली प्रत्येक ब्राउझरमध्ये पोहोचते, तिथे गुप्त असं काही नसतं.

## १०. सादर करण्यापूर्वी

रिपॉझिटरी नव्या फोल्डरमध्ये, जमल्यास दुसऱ्याच्या मशीनवर, क्लोन करा आणि रीडमीमध्ये लिहिलेल्या आज्ञा जशाच्या तशा चालवा. एकही जास्तीची आज्ञा लागली तर ती रीडमीत लिहा. नमुन्याची एन्व्ह फाइल, मायग्रेशन्स, थोडा नमुना डेटा आणि चाचणीसाठी दोन खाती, एक साधं आणि एक व्यवस्थापकाचं, हे सगळं तपासून घ्या.

अहवालात प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी तीन ओळी लिहा: काय निवडलं, दुसरा कोणता पर्याय होता, तो का सोडला. सेशन की टोकन, कन्स्ट्रेंट की कुलूप, यादीची पानं पाडायला ऑफसेट (इतक्या ओळी सोडून) की कीसेट (शेवटच्या दिसलेल्या ओळीपासून पुढे), असे पाच-सहा निर्णय निघतातच. इंडेक्सच्या आधीचे आणि नंतरचे आकडे त्यांच्याशेजारी लावा.

तोंडी परीक्षेची तयारी करताना ‘आरक्षण करा’ हे बटण दाबल्यापासूनचा रस्ता कागदावर काढा: ऑप्शन्स, पोस्ट, कुकी, सेशन, तपासणी, इन्सर्ट, कन्स्ट्रेंट, उत्तर. मग प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून ‘इथे तुटलं तर वापरकर्त्याला काय दिसेल?’ असं सोबत्याला विचारायला लावा. ज्या ठिकाणी अडखळाल त्याचा कोड पुन्हा उघडून वाचा, आणि त्यासाठी चाचणी नसेल तर त्याच दिवशी लिहा.